अक्कांचा शॉकअप

माझ्या क्षेत्रात माझ्यापेक्षा हुशार माणसे मी पुष्कळ पाहिली आणि त्यांचा मला कधी त्रास झाला नाही. हुशारी मोजता येते, आणि मोजता येणाऱ्या गोष्टीशी स्पर्धा करता येते. हेवा मला आयुष्यात एकाच व्यक्तीचा वाटला. ती व्यक्ती अंबाड्यात सायकलची तार खोचून जोयडा तालुक्याच्या रस्त्यांवरून मधमाश्या वाहून नेत असे.

ती तार शोभेची नव्हती. चाकाची एखादी तार वाटेत तुटली की अंबाडा सुटे आणि चाक सरळ होई. मग उरलेला रस्ता अक्का मोकळ्या केसांनी पार करत. समोरून येणारे लाकडाच्या लॉऱ्यांचे ड्रायव्हर त्यांना पाहून गाडी कडेला घेत. त्याचे श्रेय अक्का आपल्या दराऱ्याला देत.

सगळा तालुका त्यांना अक्का म्हणे, म्हणून मीही म्हणत असे. त्या चाळिशीच्या आसपास होत्या आणि एकट्या राहत. बेळगावात पदार्थविज्ञान शिकून त्या कुठल्याशा कॉलेजात शिकवायला लागल्या होत्या. तिथल्या प्रिन्सिपॉलांशी भांडून बाहेर पडल्या आणि जोयड्याच्या मधमाशी केंद्रात आल्या. भांडण कशावरून झाले हे विचारले की उत्तर दर वेळी निराळे मिळे, पण प्रत्येक उत्तरात शेवटी प्रिन्सिपॉल हरलेले असत.

मी त्या केंद्रात दाखल झाले तेव्हा प्राणिशास्त्राची पदवी माझ्या हातात ताजी होती आणि पुढचा मार्ग मी आखून ठेवला होता. आमच्या योजनेतून एकाच क्षेत्र-सहायकाला मोठ्या शहरातल्या संशोधन केंद्रात कायमची जागा मिळणार होती. ती मला हवी होती. केंद्रात क्षेत्र-सहायक दोघीच होतो, अक्का आणि मी. गणित सोपे होते. अवघड एवढेच होते की अक्कांना ती जागा हवी आहे की नको, हे त्या कधी बोलत नसत.

काम असे होते. नव्वदचे दशक नुकतेच सुरू झाले होते आणि मधमाश्यांवर एका रोगाची साथ येऊन गेली होती. सातेरी, म्हणजे पेटीत पाळता येणारी आपली लहान मधमाशी, गावोगावच्या पेट्यांतून नाहीशी झाली होती. रामनगरकडच्या शेतकऱ्यांच्या परसांत रिकाम्या पेट्या तोंड उघडून पडल्या होत्या. निरोगी वसाहती उरल्या होत्या त्या दिग्गीच्या बाजूला, दाट रानातल्या झाडांच्या ढोलींत. तिथे जायचे, ढोलीतली पोळी अलगद कापायची, केळीच्या सोपाने, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीने, लाकडी चौकटीत बांधायची, राणीसकट माश्या पेटीत घ्यायच्या आणि ती पेटी जोयड्याला आणायची. शेवटची पायरी सोडून बाकी सगळे आम्हा दोघींनाही उत्तम जमत असे. शेवटच्या पायरीत रस्ता होता. पेटी जीपने आणली, बसने आणली किंवा सायकलने आणली, तरी मधाने जड झालेली कोवळी पोळी धक्क्यांनी मोडत. माश्या मधात बुडून मरत. कधी त्यांच्यात राणीही असे.

या प्रश्नाला आम्ही दोघी दोन टोकांकडून भिडलो.

मी तर्काने गेले. चालणाऱ्या माणसाचे गुडघे, कंबर आणि मान मिळून धक्का शोषण्याची जी व्यवस्था तयार होते, तिला तोड नाही. म्हणून पेटी डोक्यावरून आणावी, खाली ओल्या गवताची चुंबळ असावी, उन्हाच्या आधी चालावे आणि दोन गड्यांनी आळीपाळीने वाहावे. या पद्धतीत यंत्र नाही, मोडण्यासारखे काही नाही. मी तिचा आराखडा रेखीव अक्षरात लिहून केंद्रप्रमुखांना दिला. त्यांनी तो वाचून ‘छान’ म्हटले आणि मला विचारले, ‘अक्का काय करतायत हल्ली?’

अक्का बेळगावला गेल्या होत्या. आल्या तेव्हा बसमध्ये त्यांच्या मांडीवर गोणपाटात गुंडाळलेले काहीतरी होते आणि शेजारच्या माणसाला त्या धक्का न लावण्याबद्दल बजावत होत्या. गोणपाटातून निघाला सायकलचा पुढचा चिमटा, ज्याच्या दोन पायांमध्ये चाक बसते तो. पण याचे पाय दुहेरी होते, नळीत नळी सरकणारी, आणि आत स्प्रिंग. मोटारसायकलीसारखा शॉकअप. त्या काळी शहरातली हौशी मुले अशा सायकली मिरवू लागली होती. हा मात्र त्यातलाही सर्वांत स्वस्त प्रकार होता. रंग भडक, जोड खडबडीत आणि दाबला की खाटेसारखा कुरकुरणारा.

‘बग,’ अक्का मला म्हणाल्या, ‘रस्त्याला शिव्या घालून रस्ता सपाट होत न्हाई. चाकाला समजूत घालाय पायजे.’

त्यांची सायकल जुनी, काळी, लेडीज आणि म्हशीसारखी दणकट होती. तिला हा चिमटा बसणे शक्य नव्हते. तसे गावातल्या सायकलवाल्याने सांगितले, मी सांगितले आणि खुद्द चिमट्यानेही सांगितले. त्याची वरची दांडी फ्रेमच्या नळीपेक्षा चार बोटे जास्त लांब होती. कापावी तर टोकाचे आटे कापले जात होते आणि आटे राखावेत तर दांडी वर उरत होती. अक्कांनी दांडी राखली आणि उरलेल्या लांबीवर पाण्याच्या नळाच्या तुकड्यांची कडी एकावर एक चढवली. बेअरिंगची कटोरी सैल बसत होती, तिच्याभोवती त्यांनी बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून गुंडाळला. जुने मोठे चाक नव्या चिमट्यात मावेना, म्हणून लहान चाक आले. लोखंडी सळ्यांचा जुना ब्रेक त्या चाकापर्यंत पोहोचेना, म्हणून वायरचा ब्रेक आला. तो येईपर्यंत काही आठवडे अक्का फक्त मागच्या ब्रेकवर फिरल्या आणि उतार लागला की मोठ्याने रामरक्षा म्हणत. भक्तीचा त्याच्याशी संबंध नव्हता. वाटेतल्या गुरांना आणि माणसांना आवाज जावा, एवढाच हेतू होता.

हे सर्व केंद्राच्या पडवीत चाले. मी आतल्या टेबलाशी बसून माझ्या नोंदी लिहीत असे आणि पडवीत माणसे जमत. मला खरा अभ्यास करायला मिळाला तो त्या माणसांचा. सायकलवाला ‘मोडंल बगा अक्का’ असे म्हणत रोज येई आणि जाताना एखादा नट ठेवून जाई. रामनगरच्या लॉरी गॅरेजातून कुणी जाड ग्रीस पाठवले. दिग्गीकडच्या बायका बाजाराला आल्या की पडवीत टेकत आणि अक्कांच्या हातातल्या पान्याबद्दल कोकणीत काहीतरी बोलून खळखळून हसत. अक्का त्यांना त्यांच्याच कोकणीत सडेतोड उत्तर देत. मी त्याच बायकांच्या वस्तीवर गेले की त्या पाट मांडत, पाणी देत आणि अतिशय अदबीने विचारत, ‘अक्का आयली ना?’ म्हणजे, अक्का आली नाही का?

मला कुणी एक नट दिला नाही. माझ्या पद्धतीत नट लागत नव्हता, हे खरे आहे. पण तिच्यात न्यून नव्हते म्हणूनच तिला कुणाची गरज नव्हती, आणि गरज नव्हती म्हणून तिच्याजवळ कुणी बसत नव्हते. अक्कांच्या योजनेत इतकी भोके होती की सगळ्या तालुक्याला आपापले बोट घालायला जागा होती. हे निरीक्षण मी तेव्हाच केले होते. त्याने माझा हेवा कमी झाला नाही, उलट त्याला आधार मिळाला.

शॉकअप बसल्यावर अक्कांनी पुढच्या कॅरियरवर पेटी बांधली. आत माश्यांऐवजी मातीचे दिवे ठेवले आणि सुपा धरणाच्या बाजूला फेरी मारून आल्या. स्वतः अगदी खूष होत्या. हातांना धक्का म्हणून बसला नव्हता. पेटी उघडली तर दिव्यांची खापरे झाली होती.

सायकलवाल्याने स्प्रिंगला दोष दिला, कुणी चाकातल्या हवेला दिला. मला कारण सायकल दारात उभी होती तेव्हाच दिसले होते आणि ते मी तिथेच सांगितले. कॅरियरच्या तंगड्या चाकाच्या आसाला जोडलेल्या होत्या. आस हा स्प्रिंगच्या खाली येतो. म्हणजे खड्ड्याचा धक्का पेटीला पूर्वीइतकाच बसत होता, फक्त अक्कांचे हात तेवढे स्प्रिंगच्या वर होते. कॅरियर फ्रेमच्या पुढच्या नळीवरून टांगायला हवा होता.

अक्कांनी खाली बसून आसाकडे पाहिले, नळीकडे पाहिले आणि मान हलवली.

‘म्हंजे एवढे दिवस मी स्वतःलाच पाळण्यात घालून झोके देत होतो,’ त्या बेळगावकडच्या बायकांच्या वळणाने म्हणाल्या. ‘आन लेकरू खाली धोंड्यावर.’

लोक हसले. अक्का त्यांच्याहून जास्त हसल्या. संध्याकाळपर्यंत सायकलवाला, गॅरेजवाले आणि बाजारातले निम्मे लोक यांना ठाऊक झाले होते की कॅरियरची चूक मी शोधली. अक्कांनीच सांगितले होते. मात्र त्यांच्या सांगण्याच्या पद्धतीमुळे लोकांच्या लक्षात राहिला तो पाळणा. मी काढलेला निष्कर्ष आणि त्यांनी मारलेला विनोद एकाच वाटेने बाजारात गेले आणि पोहोचला फक्त विनोद.

कॅरियर नळीवर गेला. मग दुसरी अडचण उघडी पडली. खड्ड्यातून बाहेर आल्यावरही पेटी बराच वेळ खालीवर डुलत राही. स्प्रिंग घेतलेली शक्ती परत देते, तिला जिरवणारे काहीतरी लागते, हे मी सांगितले. अक्कांना ते माहीत होतेच. त्यांनी शॉकअप उघडून स्प्रिंगच्या पोटात लॉरीच्या जुन्या रबरी बुशांच्या चकत्या भरल्या आणि नळ्यांना ते जाड ग्रीस फासले. रबर किती आणि स्प्रिंग किती, हे ठरवायला त्या कॅरियरवर ताकाने भरलेला स्टीलचा पेला ठेवून फिरत. परत आल्यावर पेल्यात उरलेले ताक पिऊन टाकत आणि चकत्या बदलत. महिनाभर त्यांच्या पदराला ताकाचा वास होता. मी त्यांना सुचवले की पाण्यानेही हेच कळेल.

‘पाण्यानं कळंल,’ त्या म्हणाल्या, ‘पण पाणी सांडलं म्हणून जीव हळहळतो का? जे सांडलं तर वाईट वाटंल, तेच घिऊन बगायचं.’

त्यांना माझ्याबद्दलही मते होती आणि ती त्या मागितल्याशिवाय देत. एकदा म्हणाल्या, ‘या तालुक्यात माझ्याएवढं डोकं तुलाच हाय गे. पण तू ते जपून ठेवतीस, लग्नातल्या शालूगत.’ हे कौतुक की टोमणा, याचा मी बरेच दिवस विचार केला. तोवर त्या ते बोलून विसरूनही गेल्या होत्या. विसरण्याची ही त्यांची शक्तीही मला नव्हती.

शेवटी वरचे साहेब पाहणीला येणार असे कळले. केंद्रप्रमुखांनी ठरवले की दोन्ही पद्धती साहेबांसमोर दाखवायच्या. दिग्गीकडून एकेक वसाहत आणायची, केंद्राच्या अंगणात पेट्या उघडायच्या आणि कोणती सुखरूप आली ते पाहायचे. संशोधन केंद्रातल्या जागेसाठी नाव कोणाचे द्यायचे हेही त्याच दिवशी ठरणार होते. माझ्यासाठी तो दिवस म्हणजे परीक्षा होती आणि परीक्षांत मी कधी मागे पडले नव्हते.

माझी पेटी दोन कुणबी भावांनी आणली. आदल्या संध्याकाळी निघून, वाटेत नातलगांकडे थांबून, पहाटे पुन्हा चालून ते ऊन चढायच्या आत पोहोचले. त्यांच्याबरोबर मीही चालले. दोघांनी वाटेत फारसे बोलणे केले नाही. फक्त थोरल्याने एकदा विचारले की अक्काची सायकल डोंगर चढते तेव्हा तो पुढचा पाय वाकतो का.

अंगणात साहेब खुर्चीवर बसले होते. रिकाम्या पेट्यांचे मालक रामनगरहून आले होते आणि आंब्याच्या सावलीत उभे होते. अक्कांचा पत्ता नव्हता. ऊन तापले तेव्हा वरच्या वळणावर अक्कांची, ब्रेक आल्यावरही न सुटलेली, रामरक्षा ऐकू आली आणि सगळे अंगण रस्त्याकडे सरकले. अक्का उतारावरून येत होत्या. प्रत्येक खड्ड्यात पुढचे चाक नमस्कार केल्यासारखे खाली जाई आणि शांतपणे वर येई. वरची पेटी जागच्या जागी तरंगत होती. ते दृश्य सुंदर होते. माझ्या दोन गड्यांचे चालणे अधिक कार्यक्षम होते, पण सुंदर म्हणून त्यांच्याकडे कुणी पाहिले नव्हते.

पेट्या उघडल्या. माझ्या पेटीत एकही पोळे हलले नव्हते. सोपाची गाठसुद्धा सैल झाली नव्हती. अक्कांच्या पेटीत राणी सुखरूप होती, माश्या जोमात होत्या, पण कडेचे एक पोळे खालून तडकले होते आणि मध ओघळत होता. साहेबांनी दोन्ही चौकटी हातात धरून पाहिल्या आणि माझ्याकडे पाहून मान डोलावली. निकाल स्पष्ट होता.

त्यानंतर साहेब उठले, सायकलपाशी गेले आणि दोन्ही हातांनी हँडल दाबले. शॉकअप खाली गेला, वर आला. साहेबांनी पुन्हा दाबले. मग रामनगरच्या एका वयस्क शेतकऱ्याने दाबले, मग दुसऱ्याने. माझी पेटी आणणारे दोन्ही भाऊ गर्दीत घुसले होते आणि धाकट्याची पाळी आली होती. अक्का मधोमध उभ्या राहून चकत्यांची हकिकत सांगत होत्या. आपले पोळे तडकले याचे कारण ‘त्या वळणावरची म्हैस’ असल्याचेही सांगत होत्या. मी माझ्या निर्दोष पेटीजवळ एकटी उभी होते. माश्या शांतपणे आत-बाहेर करू लागल्या होत्या.

जाताना साहेबांनी मला बाजूला बोलावले. जागेसाठी माझे नाव जाणार होते. मी आभार मानले. तेव्हा ते सहज म्हणाले, ‘अक्कांनी तुमचा फारच आग्रह धरला हो. सायकलवरून उतरल्या उतरल्या, पेट्या उघडायच्या आधीच माझ्याशी बोलल्या.’

या वाक्याने माझ्या हातातली जागा काढून घेतली. एका प्रयोगात दोन घटक एकाच वेळी बदलले की परिणाम कशामुळे झाला हे कधीच सांगता येत नाही. माझी निवड माझ्या पेटीने केली की अक्कांच्या शब्दाने? मला हवे होते ते मी मिळवले होते, की ज्यांचा मला हेवा वाटत होता त्यांनी ते उदारपणे माझ्या ओंजळीत टाकले होते? दुसरी शक्यता मला सहन होणारी नव्हती.

गर्दी पांगल्यावर मी पडवीत गेले. अक्का शॉकअप उघडून बसल्या होत्या. मी त्यांना सरळ विचारले की माझ्यासाठी शब्द टाकायला त्यांना कुणी सांगितले होते.

‘कोण सांगणार?’ त्यांनी वर पाहिले नाही. ‘माझं मलाच सुचलं.’

मला दया नको, असे मी म्हणाले.

तेव्हा त्यांनी पाना खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच असे काही पाहिले की ज्यात विनोदाची तयारी नव्हती.

‘दया?’ त्या म्हणाल्या. ‘तू पयल्यांदा बोललीस त्या दिवशीच मला कळलंय, डोकीवरची पेटीच बरोबर हाय म्हणून. मी काय येडी न्हाई, मीबी शिकल्याली हाय. अजून एक वर्स तू हितं राहिलीस तर लोकांस्नीबी कळंल. सगळे गडी पेट्या डोकीवर घेतील, आन माझी सायकल बगाय कोणबी येणार न्हाई.’ त्यांनी एक चकती उचलली आणि पदराला पुसली. ‘म्हणून तुला लांब पाठवालोय. जा गे बाई. मोठी हो. पण तिकडं जाऊन हो.’

मी पायरीवर बसून राहिले आणि त्यांनी सांगितले तेव्हा चिमट्याचा दुसरा पाय धरला. आतून मला जे वाटत होते त्याला आनंद हाच शब्द आहे, दुसरा नाही. मला वाटणारा हेवा अक्कांनाही वाटत होता आणि तो माझ्याबद्दल होता. त्यानंतर मला शिफारसपत्रे पुष्कळ मिळाली, पण इतके विश्वसनीय एकही नव्हते.

मी गेले. संशोधन केंद्रात माझे काम चांगले झाले. डोक्यावरून वसाहती नेण्याच्या पद्धतीवर मी एक निबंध लिहिला आणि त्याची प्रशंसा झाली. काही वर्षांनी कामानिमित्त जोयड्यावरून जायचे झाले. अक्का त्या दिवशी कुळगीकडे गेल्या होत्या, भेट झाली नाही. रामनगरला चहाला थांबले. तिथल्या एका परसात भरलेल्या मधपेट्या दिसल्या, म्हणून मी मालकाला विचारले की वसाहती कशा आणल्या. त्याने मोठ्या अभिमानाने घराआडून सायकल काढून आणली. स्वस्तातला शॉकअप, नळीवरून टांगलेला कॅरियर, आणि नळ्यांच्या तोंडाशी काळे ग्रीस. अशा चार-पाच सायकली आसपास आहेत, सगळ्या अक्कांनी बसवून दिल्या, असे तो म्हणाला.

डोक्यावरून कुणी आणत नाही का, असे मी विचारले.

‘व्हय, मागं एक बाई असं काय तरी सांगत होत्या म्हणं,’ तो म्हणाला. ‘पोळं मोडत न्हाई तसं आणलं तर. पण त्यात बगण्यासारखं काय हाय?’

त्याने माझ्यासाठी हँडल दाबून दाखवले आणि तुम्हीही दाबून बघा म्हणाला. मी दाबले.

अक्कांना जी भीती होती, ती कधी खरी होणार नव्हती. त्यांचा हेवा चुकीच्या गृहीतकावर उभा होता. माझा मी अधूनमधून तपासून पाहते. तो अजून टिकून आहे.